बरगड्या

थांब, कॅपलिन. शेपूट आवर.
डबा परत सांडलास.
आधी ब्रश उलटा, मानेकडे,
मग सुलटा, शेपटीकडे.
ड्रूसिला असंच करायची. मी समोर बसून
जाळ्याची भोकं शिवत असायचो,
एका डोळ्याने बघत.
म्हणून मला अर्धंच येतं.

मे उजाडला. खाडीच्या तोंडाशी हिमनग येऊन रुतलाय,
आणि तू आतली लोकर टाकतेयस, मूठ मूठ,
सायीच्या रंगाची. एवढ्यात आणखी एक कुत्री विणून होईल.
मी ती कुंपणावर अडकवून ठेवतो.
चिमण्या नेतात. बोटहाऊसच्या वळचणीतली
यंदाची सगळी घरटी तुझ्या पोटाच्या केसांची आहेत.

आंघोळ नाही. वर्षातून दोन-तीनदा, तीही लोळून आलीस तर.
अंगावरचं हे तेल साबणाने घालवायचं नसतं,
त्याच्याच जिवावर तुझ्या खापरपणज्या
या बर्फासारख्या पाण्यात उड्या टाकायच्या,
निसटलेला मासा दातांत धरून आणायच्या,
दात न लावता.
पण कान दाखव. सकाळी पोहलीस ना?
लोंबता कान म्हणजे झाकण घातलेला ओला डबा.
बाहेरचं तेवढं कापसाने टिपायचं, आत काडी घालायची नाही.
वास घेऊ दे.
समुद्राचा आहे. आंबूस नाही. शाबास.

आता बस. खरं बोलायचं तर
गँडरला जाताना दोन तास गाडीत
मी खोटं काय सांगायचं ते ठरवत होतो.
डॉक्टर पेलीबाईंनी तुला काट्यावर चढवलं :
एक्केचाळीस किलो. पानगळीत चौतीस होतीस.
काय घालता हिला?
मी म्हटलं, तिचंच खाणं, पिशवीतलं.
तू माझ्याकडे बघितलंस.

हाताला दोघांचा स्वयंपाक बसलाय, कॅपलिन.
बटाटे चार सोलले जातात.
तव्यावर पिठाचे टाऊटन लोण्यात तळले
की सहाच होतात, तिला तीन, मला तीन.
तिचं ताट तुला द्यायचो.
मग माझंही.
तुझी जात कधी नाही म्हणत नाही,
पोट भरल्याचं तुमच्या डोक्याला कळतच नाही,
पेलीबाई म्हणाल्या, आणि म्हणताना
त्या माझ्या पट्ट्याकडे बघत होत्या,
खिळ्याने पाडलेल्या दोन नव्या भोकांकडे.
तुम्हीही चढा, म्हणाल्या.

सात किलो. तू कमावलेस तेवढेच मी घालवलेले.
घराचा हिशेब चोख होता.

तर आता हा कप. काठाशी सुरी फिरवून सपाट,
सकाळी एक, संध्याकाळी एक. जेवल्यावर तासभर पळापळ नाही.
कांदा नाही, मनुके नाहीत, खारवलेला कॉड नाही,
शिजवलेलं हाड तर मुळीच नाही.
मधेच तोंड हलवायचं असेल तर गाजर.
डोळे तसे करू नकोस. मी पण खातोय, बघ,
तीन टाऊटन. पीठ मोजून घेतलं.

आणि दर रविवारी हात असा कुशीवरून फिरवायचा :
बरगड्या दिसू नयेत, पण बोटांना लागाव्यात.
तुझ्या अजून सापडत नाहीत.
माझ्या सापडतात, शर्टावरूनसुद्धा.

राहिली नखं. काळी आहेत, आतली शीर दिसत नाही,
पेलीबाई म्हणाल्या, तांदळाएवढं-तांदळाएवढं कापा.
इतकी वाढवलीत का, हे त्यांनी विचारलं नाही.
रात्री तू स्वयंपाकघरात फिरतेस,
लिनोलियमवर टिक, टिक, टिक,
आणि अर्धवट झोपेत मला वाटतं
ती सुया घेऊन बसलीय, माझे मोजे विणतेय.

पुढचा डावा दे.
पुढचा उजवा. हं, झालं.
मागचा डावा. ओढू नकोस.

हा राहू दे.
हा उद्या कापू.